गेटवेच्या काळ्या पडद्यावर आधी काय नीट लावावं

मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. घाटंजी तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेतला गेटवे मी यवतमाळला घरी बसून लावत होतो. बाहेरचं कोणी आत शिरू नये म्हणून 'फक्त या पत्त्यावरूनच प्रवेश' अशी अट घातली, ती जतन केली, खिडकी बंद केली आणि जेवायला उठलो. जेवून परत आलो तर यंत्र मला आत घेईना. पत्त्यातला एक आकडा चुकला होता. शाखेचं नेट व्यवस्थित चालू होतं, खातेदारांची कामं होत होती, पण त्या यंत्राशी बोलायची वाट माझ्याच हाताने बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप आणि एक निळी केबल घेऊन मोटारसायकलने निघालो. शेवटचे ४ किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल भरला की गाडी जागीच थांबते, काडीने तो कोरत कोरत पुढे जावं लागतं. पोचलो तेव्हा पेरणीसाठी पैसे काढायला आलेल्या कास्तकारांची रांग दाराबाहेर गेली होती. आकडा दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं.

शहरातल्या कार्यालयात अशी चूक झाली तर माणूस दोन जिने उतरून यंत्रापाशी जातो. आपल्याकडे यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक तालुका असतो. म्हणून पत्ते, रस्ते, फायरवॉल (नको ते बाहेरच अडवणारी भिंत) हे सगळं लावण्याच्या आधी यंत्राशी बोलण्याची व्यवस्था नीट लावावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पडदा किती वेळ उघडा राहावा, एका वेळी किती ओळी दिसाव्यात, घड्याळ बरोबर आहे का, आत कोण येऊ शकतं, चूक झाली तर यंत्र स्वतःहून मागे फिरेल का, हे सारं त्या व्यवस्थेत येतं. शिकवताना हा भाग बहुधा पाच मिनिटांत उरकतात. गावात काम करणाऱ्याला मात्र रोज त्याचीच गरज पडते.

आधी गेटवे म्हणजे काय ते. जुन्या गावाला वेस असते. गावातल्या गावात 'पाटलाच्या वाड्यामागचं घर' म्हटलं की भागतं, पण वेशीबाहेरच्या टपालाला पूर्ण पत्ता लागतो. तसंच शाखेतल्या संगणकांना आतले खासगी पत्ते असतात, १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत असं १९९६ साली इंटरनेटच्या नियमांत पक्कं झालं, त्यामुळे यवतमाळच्या शाळेत आणि चंद्रपूरच्या जिनिंगमध्ये एकच पत्ता असू शकतो. बाहेर जाताना गेटवे आतल्या पत्त्याच्या जागी आपला बाहेरचा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ते बरोबर त्याच संगणकाकडे पोचवतो. वेशीवरचा हा राखणदार बंद पडला की आत सगळं धड असूनही गाव जगापासून तुटतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेचा किंवा कोणत्याही कंपनीचा जो फायबरचा डब्बा बसवलेला असतो, तो आपला नाही. त्याला हात लावायचा नाही, त्याचा पासवर्ड शोधत बसायचं नाही. मी बोलतो आहे ते त्याच्या मागे लावलेल्या, आपल्या संस्थेने विकत घेतलेल्या गेटवेबद्दल.

या यंत्राशी बोलायचे दोन मार्ग असतात. ब्राउझरमध्ये उघडणारं रंगीत पान हा एक, आणि आज्ञा टाइप करायचा काळा पडदा हा दुसरा. पान सोपं वाटतं, पण फायबर तुटली असताना मोबाइलच्या एका कांडीवर ते उघडता उघडत नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं ये-जा करतात, म्हणून तो अगदी मरतुकड्या लाइनवरही चालतो. नेटवर्क पूर्ण झोपलेलं असलं तरी केबल लावून तो उघडता येतो. शिवाय तिथे लिहिलेलं सगळं वहीत उतरवून ठेवता येतं आणि दुसऱ्या शाखेत तसंच्या तसं चिकटवता येतं.

पुढची उदाहरणं मी सिस्को या कंपनीच्या धाटणीची घेतली आहेत, कारण इतर अनेक कंपन्यांनी तीच भाषा थोड्याफार फरकाने उचलली आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. कळफलकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

पहिली भेट: निळी केबल

नव्या यंत्राशी पहिली भेट कन्सोल नावाच्या खोबणीतून होते. ही खोबण दिसायला अगदी नेटच्या खोबणीसारखी असते, म्हणून पुष्कळदा साधी पॅच कॉर्डच तिच्यात खोचली जाते आणि मग काहीच होत नाही. तिला वेगळी केबल लागते, बहुधा फिकट निळ्या रंगाची आणि चपटी. आजच्या लॅपटॉपला तिचं दुसरं टोक बसत नाही, त्यासाठी यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. मग पुट्टीसारख्या प्रोग्राममध्ये सीरियल निवडायचं आणि वेग द्यायचा ९६००. बाकी ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

वेग चुकला तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं असा भलताच कचरा उमटतो. एका शाळेत ते पाहून शिपाईदादा म्हणाले, "काहून भाऊ, डब्बा जयला काय?" डब्बा जळला नव्हता. ते मायक्रोटिक या कंपनीचं यंत्र होतं आणि त्या घरातल्या यंत्रांचा कन्सोल बहुधा ११५२०० या वेगाने बोलतो. एकजण भरभर बोलतो आणि दुसरा सावकाश ऐकतो, एवढंच बिनसलेलं असतं.

पडदा उघडला की यंत्राचं नाव आणि त्यापुढे एक खूण दिसते. आपण कुठे उभे आहोत ते ही खूण सांगते, म्हणून प्रत्येक आज्ञेआधी तिच्याकडे नजर टाकायची सवय लावावी. 'रूटर>' दिसलं तर आपण ओसरीवर आहोत. बघता येतं, हात लावता येत नाही. 'एनेबल' टाइप करून पासवर्ड दिला की 'रूटर#' होतं, म्हणजे माजघरात आलो. आता सगळं दिसतं, यंत्र बंद-चालूही करता येतं. 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की 'रूटर(कॉन्फिग)#' दिसतं. इथे जे लिहाल ते एंटर दाबल्याक्षणी लागू होतं. त्याच्याही आत प्रत्येक खोबणीची, प्रत्येक प्रवेशवाटेची वेगळी खोली असते. 'एक्झिट' एक पायरी मागे आणते, 'एंड' थेट माजघरात.

आज्ञा पाठ नसल्या तरी चालतं. कुठेही प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय लिहिता येईल याची यादी यंत्र स्वतः दाखवतं. अर्धा शब्द लिहून टॅब दाबला की तो पुरा होतो. आणि घातलेली कोणतीही ओळ काढायची तर तीच ओळ पुढे 'नो' लावून पुन्हा लिहायची. मी अजूनही दिवसातून पन्नासदा प्रश्नचिन्ह दाबतो.

तोंडी वाटणी आणि सातबारा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सावकाश.

दोन भावांनी धुऱ्यावर उभं राहून तोंडी वाटणी केली, मधे नवा धुरा घातला आणि आपापल्या हिश्शात पऱ्हाटी लावली. वावरात वाटणी खरीच आहे. पण फेरफार झाला नाही, सातबाऱ्यावर जुनंच नाव आहे. उद्या कोणी कागद काढला की कागदच बोलतो.

गेटवेमध्येही असंच दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. रनिंग-कॉन्फिग म्हणजे सध्या वावरात चाललेली वाटणी, ती यंत्राच्या कामचलाऊ स्मरणात असते आणि वीज गेली की पुसली जाते. स्टार्टअप-कॉन्फिग म्हणजे सातबारा, तो वीज गेली तरी टिकतो आणि यंत्र सुरू होताना तोच वाचला जातो. आपण केलेला बदल लगेच चालू होतो, सगळे खूश होतात, आणि तीन आठवड्यांनी डीपी जळून गावाची वीज जाते. परत आली की यंत्र जुन्या सातबाऱ्याप्रमाणे उठतं. तोपर्यंत काय बदललं होतं ते कोणाला आठवत नाही. म्हणून काम तपासून झालं की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' लिहायचं. 'राइट मेमरी' ही त्याचीच जुनी, आखूड रीत.

सगळी यंत्रं अशी नसतात हेही ध्यानात ठेवा. मायक्रोटिकमध्ये आज्ञा दिली की ती लागूही होते आणि कायमही होते, फेरफार वेगळा करावा लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या मोफत प्रणालीवर उलटं आहे, तिथे 'यूसीआय सेट' लिहून काहीच घडत नाही, 'यूसीआय कमिट' करून ती सेवा पुन्हा चालू केल्यावर बदल दिसतो. नवं यंत्र हातात आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुझा सातबारा कुठे आहे?

या दोन जागांचा फरक समजला की पडद्याच्या छोट्या सेटिंगमधलाही एक गोंधळ सुटतो. यंत्र लांबलचक यादी २४ ओळींनी थांबवतं आणि खाली 'मोर' लिहून वाट पाहतं. हे २४ आले कुठून, तर १९७८ साली निघालेल्या व्हीटी१०० नावाच्या टर्मिनलचा पडदा २४ ओळी आणि ८० अक्षरांचा होता, त्याची सवय अजून चालू आहे. पूर्ण यादी एका दमात फाइलमध्ये उतरवून घ्यायची असेल तर 'टर्मिनल लेंग्थ ०' लिहावं. पण हा बदल फक्त तुमच्या या बैठकीपुरता, बाहेर पडलात की गेला. 'टर्मिनल' या शब्दाने सुरू होणाऱ्या अशा सेटिंगचं असंच असतं. कायमचं हवं तर प्रवेशवाटेच्या खोलीत जाऊन लिहावं लागतं. लांबी मी तात्पुरतीच बदलतो. मागे दिलेल्या आज्ञा आठवणीत ठेवायची संख्या मात्र कायमची वाढवतो, कारण मूळची १० किंवा २० फार तोकडी पडते. २५६ पर्यंत नेता येते. दुपारी दोनला आपण नेमकं काय लिहिलं होतं ते वरचा बाण दाबत शोधताना तिचा खरा उपयोग कळतो.

बैठक किती वेळ उघडी ठेवावी

प्रवेशवाटांना सिस्कोच्या भाषेत लाइन म्हणतात. 'लाइन कन्सोल ०' ही केबलची वाट. 'लाइन व्हीटीवाय ० ४' या नेटवरून येणाऱ्या पाच वाटा, ० ते ४. काही यंत्रांत त्या १६ असतात. या प्रत्येक वाटेवर 'एक्झेक-टाइमआउट' नावाचं सेटिंग असतं. इतकी मिनिटं काहीच टाइप झालं नाही तर बैठक आपोआप मोडते. मुळात ते १० मिनिटं असतं.

काम करताना हे फार टोचतं. फायबर तपासायला गच्चीवर जाऊन आलात की पुन्हा पासवर्ड. म्हणून बरेच जण 'एक्झेक-टाइमआउट ० ०' लिहून मोकळे होतात, म्हणजे बैठक कधीच मोडू नये. कृपा करून हे करू नका. दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्या भागात रोज घडणारी आहेत.

तुम्ही दुरून आत शिरलात आणि मध्येच तुमच्याकडची वीज गेली. तुम्ही उठून गेलात हे गेटवेला कळायला मार्गच नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून खुर्चीवर बसलेले आहात. पुन्हा शिरलात, पुन्हा लाइन तुटली, दुसरी खुर्ची अडली. पाच खुर्च्या अशा रिकाम्या माणसांनी भरल्या की सहाव्यांदा यंत्र दार उघडत नाही, आणि पुन्हा मोटारसायकल काढावी लागते. दुसरं कारण कन्सोलचं. तुम्ही '#' वर असताना केबल काढून निघून गेलात तर यंत्र तिथेच उभं राहतं. नंतर कोणीही केबल लावली की तो विना पासवर्ड माजघरात.

मी नेटवरच्या वाटांना १५ मिनिटं देतो आणि कन्सोलला ५. सोबत 'सर्व्हिस टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-इन' ही ओळ घालतो. तिच्यामुळे यंत्र अधूनमधून 'आहात ना?' असं पलीकडे विचारतं आणि उत्तर आलं नाही तर खुर्ची मोकळी करतं. ही एक ओळ विजेच्या लपंडावाच्या प्रदेशासाठीच लिहिली असावी असं मला वाटतं.

त्याच खोलीत 'लॉगिंग सिंक्रोनस' लिहून टाका. नाहीतर तुम्ही आज्ञा टाइप करत असता आणि मधेच 'अमुक खोबण बंद झाली' असा निरोप तुमच्या ओळीच्या पोटात घुसतो, मग आपण काय लिहिलं होतं तेच दिसत नाही. या ओळीने निरोप आधी छापला जातो आणि तुमची अर्धी ओळ खाली पुन्हा नीट मांडली जाते. दुरून काम करताना हे निरोप मुळात दिसतच नाहीत. ते पाहायचे असतील तेव्हा 'टर्मिनल मॉनिटर' म्हणायचं.

नवख्या मुलांना घाबरवणारी आणखी एक गोष्ट. माजघरात एखादी आज्ञा चुकीची टाइप झाली, समजा 'शो' ऐवजी 'सो' लिहून एंटर दाबलं, तर यंत्राला वाटतं हे कुठल्या तरी दुसऱ्या संगणकाचं नाव आहे. ते त्या नावाचा पत्ता शोधायला निघतं आणि पडदा बराच वेळ गोठून राहतो. मुलांना वाटतं आपण यंत्र बिघडवलं. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबलं की ते भानावर येतं. कायमचा उपाय म्हणजे 'नो आयपी डोमेन-लुकअप'. गेटवेला स्वतःला नावांवरून पत्ते शोधायचं काम असेल, जसं वेळेचा सर्व्हर नावाने दिलेला असेल, तर हे न करता वाटेच्या खोलीत 'ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन' लिहावं. त्याने चुकीचा शब्द लगेच चुकीचा म्हणून परत येतो.

घड्याळ

पुष्कळांना घड्याळ ही शोभेची गोष्ट वाटते. मला ती सगळ्यात आधी लावायच्या गोष्टींपैकी वाटते.

काही जुन्या सिस्को यंत्रांना घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांच्यासाठी १ मार्च १९९३ ची मध्यरात्र उजाडते. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात म्हणजे दिवसातून चारदा १९९३. यंत्र स्वतःच्या घडामोडींच्या ज्या नोंदी ठेवतं, त्यांवरून मग बिघाड कधी झाला हे कोण सांगणार?

एका शाळेतून रोज तक्रार यायची, "दुपारी नेट जाते अन् मंग आपोआप येते." मी तीनदा जाऊन आलो, मी असताना काहीच व्हायचं नाही. शेवटी वेळ लावली. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' लिहायचं, त्यातले ३० विसरले तर सगळ्या नोंदी अर्ध्या तासाने चुकतात. मग 'एनटीपी सर्व्हर' देऊन यंत्राला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावलं. भारतीय प्रमाण वेळ राखण्याचं काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते आणि तिची वेळ नेटवरून मिळते. 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स' लावून प्रत्येक नोंदीवर स्थानिक वेळ छापून घेतली. नोंदी यंत्राच्या कामचलाऊ स्मरणातच ठेवल्या तर यंत्र बंद पडताच जातात, म्हणून त्या शाळेच्या एका संगणकावर पाठवायची सोय केली.

आठवड्याने 'शो व्हर्जन' पाहिलं. यंत्र किती वेळ चालू आहे, शेवटचं केव्हा आणि का सुरू झालं हे ती आज्ञा सांगते. गेटवे वीज जाऊन पुन्हा सुरू झाला होता. संगणकावरच्या नोंदी लावून पाहिल्या तर तो रोज एकाच सुमारास पुन्हा सुरू होत होता. पंपांची थ्री फेज यायची तीच वेळ. थ्री फेज आली की शिवारातले ऑटोला लावलेले सगळे पंप एकदम उठायचे, गावात व्होल्टेज बसायचं, बल्ब नुसता मंद व्हायचा पण गेटवे मरून पुन्हा जिवंत व्हायचा. लहानसा यूपीएस लावला आणि तक्रार संपली. ज्या गोष्टीने तीन खेपा खाल्ल्या ती घड्याळाने एका आठवड्यात उकलली.

आत कोण येऊ शकतं

दुरून आत येण्याच्या जुन्या पद्धतीचं नाव टेलनेट. तिच्यात पासवर्डसकट सगळं उघड्यावर जातं. भरलेल्या काळीपिवळीत बसून फोनवर एटीएमचा पिन मोठ्याने सांगावा तसं. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच उघडे पासवर्ड चोरले आणि त्यातून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं, ज्यात सगळं बोलणं कुलूपबंद होऊन जातं. आज टेलनेट वापरायला काहीही कारण उरलेलं नाही.

सिस्कोवर एसएसएच चालू करायला यंत्राला आधी स्वतःचं नाव आणि डोमेन द्यावं लागतं, त्याशिवाय किल्ली बनत नाही. मग २०४८ बिटांची आरएसए किल्ली तयार करायची, आवृत्ती २ सक्तीची करायची आणि व्हीटीवायच्या खोलीत 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' लिहायचं. नाव देताना 'रूटर' तसंच ठेवू नका. गावाचं आणि जागेचं नाव द्या. चार शाखांच्या चार खिडक्या उघड्या असताना कोणत्या गावात आपण आज्ञा देतो आहोत हे त्या नावावरूनच कळतं.

पासवर्डाबाबत दोनच गोष्टी. 'एनेबल पासवर्ड' वापरू नका, 'एनेबल सीक्रेट' वापरा. पहिला यादीत उघडा दिसतो, दुसरा उलटा उलगडता येत नाही अशा रूपात साठतो. 'सर्व्हिस पासवर्ड-एनक्रिप्शन' या नावाला भुलू नका. तिने झाकलेला पासवर्ड क्षणात उलगडता येतो, ती फक्त खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरती आहे. दुसरं, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कोणतीही मोठी विद्या नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या आणि तो टेलनेटच्या दारांवर त्या एकामागून एक लावून बघत होता.

यंत्राला मागे फिरायला शिकवणं

आता त्या चुकलेल्या आकड्याकडे येतो. तेव्हा माझ्या हातून दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली साधी आहे. प्रवेशाची अट बदलली की ती नव्या बैठकांना लागू होते, चालू असलेली तुमची बैठक तशीच राहते. म्हणून सगळं ठीक वाटतं. जुनी खिडकी उघडी ठेवून दुसरी खिडकी उघडायची आणि आत जाता येतं का पाहायचं. दुसरी खिडकी आत गेली तरच पहिली बंद करायची. मी हे केलं असतं तर तिथल्या तिथे आकडा दुरुस्त झाला असता.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची, कारण काही बदल असे असतात की चालू बैठकही तुटते: बाहेरचा पत्ता बदलणं, मुख्य खोबणीवर अट घालणं. अशा वेळी आधी सध्याची चांगली अवस्था सातबाऱ्यावर चढवायची. मग 'रिलोड इन १०' लिहायचं, म्हणजे १० मिनिटांनी यंत्र स्वतः पुन्हा सुरू होईल. आता धोक्याचा बदल करायचा. बाहेर फेकले गेलात तर चहा प्या. १० मिनिटांनी यंत्र उठेल, सातबारा वाचेल, तुमचा बदल त्यात नाही, म्हणून सगळं पूर्ववत. बदल बरोबर निघाला तर 'रिलोड कॅन्सल' लिहून मोजणी थांबवायची आणि त्यानंतरच जतन करायचं. या दहा मिनिटांत जतन केलं तर सगळा उपाय वाया जातो. यंत्राने 'बदल जतन करू का?' असं विचारलं तर तेव्हा उत्तर 'नो'. आणि हे सगळं शाखेचं काउंटर बंद झाल्यावर करायचं, कारण चूक निघाली तर यंत्र पुन्हा उठेपर्यंत काही मिनिटं नेट जाणारच.

मायक्रोटिकमध्ये सगळं लगेच कायम होत असल्याने ही युक्ती चालत नाही, पण तिथे त्याहून सोयीची गोष्ट आहे. कंट्रोल आणि एक्स दाबलं की सेफ मोड सुरू होतो आणि तसं पडद्यावर दिसतं. या अवस्थेत तुमची लाइन तुटली तर काही मिनिटांत यंत्र तेवढे बदल स्वतःहून उलटवतं, बंद-चालू न होता. काम मनासारखं झालं की पुन्हा कंट्रोल-एक्स दाबून ते पक्कं करायचं. ज्युनिपर कंपनीच्या यंत्रांमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे: बदल लागू होतो आणि १० मिनिटांत तुम्ही दुसऱ्यांदा होकार दिला नाही तर मागे घेतला जातो. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांनाही कधीतरी दूरच्या गावी जावं लागलं असणार.

हे सगळं करूनही एखादे दिवशी वाट बंद होतेच. त्यासाठी माझ्या सगळ्या ठिकाणी आता एक व्यवस्था आहे. निळी केबल आणि तिचा यूएसबी जोड मी परत आणत नाही, तिथेच कपाटाच्या खणात ठेवतो. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो: यंत्राचं नाव, कन्सोलचा वेग, शेवटचं जतन कोणत्या तारखेला केलं, कोणाला फोन करायचा. पासवर्ड त्या कागदावर नसतो, तो सीलबंद पाकिटात तिजोरीत असतो. शाखेतल्या एका माणसाला ती केबल स्वतःच्या हाताने एकदा लावायला सांगतो. पुढे कधी मी बाहेर अडकलो तर तो केबल काउंटरच्या संगणकाला जोडतो, त्या संगणकाला आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट देतो आणि मला त्याचा पडदा दुरून वापरू देतो. गेटवेचं दार बंद असलं तरी मी कन्सोलच्या वाटेने आत पोचतो. घाटंजीच्या शाखेत ती केबल आता चेकबुकांच्या शेजारच्या खणात आहे.